चाकाची साक्ष

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम भागात, धारावी बेटावर, तारोडी नावाचे गाव आहे. डोंगरी आणि उत्तन ही त्याच्या परिसरातील गावे होत. येथील एखादा विद्यार्थी रस्त्याच्या कडेला घटकाभर उभा राहिला, तर नाना प्रकारची चाके त्याच्या दृष्टीस पडतील. बसचे जाडजूड चाक, रिक्षाचे आटोपशीर चाक, मोटारीचे पोलादी चाक आणि सायकलीचे तारांचे चाक. मोटारीचे चाक आणि सायकलीचे चाक यांत काही नाते असेल, असे त्याला सहसा वाटणार नाही. परंतु एक काळ असा होता, की पुष्कळशा मोटारी तारांच्याच चाकांवर धावत असत. त्या मोटारींपैकी बहुतेक आज मोडीत निघाल्या आहेत. त्यांची काही चाके मात्र मागे उरली आहेत.

मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी, जुन्या लोखंडी वस्तूंच्या ढिगात, असे एखादे चाक कधी आढळते. त्याचा रंग उडालेला असतो, तारांवर गंज चढलेला असतो आणि ते कोणत्या मोटारीचे, हे सांगणारा मनुष्य जवळपास नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते भंगार वाटते. वजनावर विकले गेले, तर दुसऱ्या दिवशी ते भट्टीतही जाईल. परंतु जाणता मनुष्य ते हाती घेतो, धूळ झटकतो, आणि पट्टी व खडू घेऊन कामाला लागतो. घटकाभराने ते चाक कोणत्या पद्धतीचे, साधारण कोणत्या काळातले आणि कोणत्या जातीच्या मोटारीला बसणारे, हे तो बरेचसे खात्रीने सांगू शकतो. ही जादू नव्हे. चाक आपली हकिकत आपल्या अंगावरच बाळगीत असते. ती वाचण्याची रीत तेवढी ठाऊक असावी लागते.

ती रीत समजून घेण्यापूर्वी तारांचे चाक मुळात उभे कसे राहते, हे पाहिले पाहिजे. बैलगाडीचे लाकडी चाक आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या मधल्या जाड ठोकळ्यास तुंबा म्हणतात. तुंब्यापासून निघणारे आरे सभोवतालच्या लाकडी कड्यात बसवलेले असतात आणि त्यावर लोखंडाची धाव चढवलेली असते. गाडीचा भार आसावरून तुंब्यावर येतो आणि तुंब्याखालचे आरे खांबाप्रमाणे तो तोलून धरतात. म्हणून ते आरे जाड व भक्कम असावे लागतात. तारेचे तसे नाही. सायकलीची एक सुटी तार जमिनीवर उभी धरून वरून दाबली, तर ती तत्काळ वाकेल. परंतु तीच तार दोन्ही टोकांना धरून ओढली, तर मोठ्या माणसाच्या ताकदीलाही ती दाद देणार नाही. तार दाब सोसत नाही, ताण सोसते. म्हणून चाक तयार करतानाच सर्व तारा सर्व बाजूंनी सारख्या ताणून बसवतात. चाकावर भार आला, की खालच्या तारांचा ताण थोडासा कमी होतो; तथापि तो मुळातच पुरेसा असल्यामुळे त्या सैल पडत नाहीत. अशा रीतीने बारीक तारांचे हलके चाक जड लाकडी चाकाचे काम करू शकते.

ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून १८०८ साली ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाचा विचार मांडला. पुढे कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली याने सायकलीच्या चाकात मोठी सुधारणा केली. त्याने १८७४ साली तारा तुंब्यापासून सरळ न काढता तिरक्या, एकमेकींना ओलांडून जातील अशा बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तार सरळ असेल, तर तुंबा जोराने फिरवताना तो आतल्या आत पिळला जातो. तारा तिरक्या असल्या म्हणजे पिळण्याचा तो जोरही ताणाच्या रूपाने त्यांच्यावर येतो आणि त्या तो सहज सोसतात. कार्ल बेंझ याने १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिची तिन्ही चाके तारांचीच होती. म्हणजे मोटारीने आपले पहिले चाक सायकलीकडून उसने घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे मोटारी जड झाल्या आणि अनेक कारखानदार तोफगाड्याच्या चाकासारखी लाकडी चाके वापरू लागले. त्या काळी टायर वरचेवर पंक्चर होत आणि चाक मोटारीपासून सहज वेगळे होत नसे. त्यामुळे रस्त्यातच टायर उतरवून दुरुस्त करावे लागे. या अडचणीवर वेल्समधील लानेली गावच्या डेव्हीस बंधूंनी १९०४ साली एक उपाय काढला. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला घट्ट अडकवता येईल असे, आऱ्यांवाचूनचे एक जादा कडे त्यांनी तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते, म्हणून त्या कड्यालाही तेच नाव मिळाले. ते कडे केव्हाच मागे पडले. परंतु आपल्याकडे जादा चाकाला आजही ‘स्टेपनी’ म्हणतात. या शब्दात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास दडलेला आहे, हे तो उच्चारणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

पुढे कॉव्हेंट्री येथीलच रज-व्हिटवर्थ या कारखान्यात जॉन प्यू याने याहून उत्तम युक्ती योजली. त्याने तारांचे चाक असे बनवले, की ते आसाच्या टोकावरील तुंब्यावर टोपीसारखे सरकवावे आणि मध्यभागी एकच मोठी चाकी, म्हणजे नट, फिरवून पक्के करावे. चाक बदलण्याचे काम त्यामुळे काही क्षणांत होऊ लागले. तारांचे चाक पुन्हा मोटारीवर आले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तर त्याचा मोठा प्रसार झाला.

मुंबईचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. फोर्ड कंपनीची भारतातील शाखा १९२६ साली स्थापन झाली. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईतील शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मोटारी तर आगबोटींतून येतच होत्या. त्यामुळे अमेरिकन आणि इंग्रजी अशा दोन्ही पद्धतींची चाके या भागात एकत्र आली. जुन्या चाकांची ओळख पटवणे येथे जसे मनोरंजक, तसेच थोडे कठीणही होते, ते यामुळेच.

आता ओळखण्याची रीत पाहू. प्रथम चाक स्वच्छ करावे. परंतु ते हातोडीने ठोकू नये किंवा यंत्राने घासू नये. रॉकेल आणि मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे. धातूवर ठोकलेली अक्षरे व आकडे फार उथळ असतात. अतिउत्साहाने घासणारा मनुष्य गंजाबरोबर चाकाचे नावही पुसून टाकतो.

पहिली खूण तारेच्या टोकाशी असते. सायकलीच्या रिममध्ये तारेच्या टोकाला एक लहानशी पितळी किंवा पोलादी टोपी असते; तिला निपल म्हणतात. ती फिरवून तारेचा ताण कमीजास्त करता येतो. मोटारीच्या काही चाकांत अशीच निपले असतात. काही चाकांत मात्र ती मुळीच नसतात. तारेची दोन्ही टोके वितळजोड करून, म्हणजे वेल्डिंगने, कायमची जोडलेली असतात. अशा चाकाच्या तारा जाड असतात आणि त्यांचा ताण बदलता येत नाही. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या १९२८ ते १९३१ या काळातील मोटारीची चाके अशी होती. म्हणजे एवढ्या एका खुणेनेच चाकांचे दोन मोठे गट पडतात.

दुसरी खूण मध्यभागी असते. तुंब्याभोवती बोल्टांसाठी भोके असतील, तर चाक बोल्टांनी बसवण्याच्या जातीचे आहे. ती भोके मोजावीत. ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या इंग्रजी मोटारीच्या चाकाला तीन भोके असत, तर फोर्डच्या ‘मॉडेल ए’च्या चाकाला पाच. भोकांची केंद्रे ज्या वर्तुळावर येतात, त्या वर्तुळाचा व्यासही महत्त्वाचा असतो. चार किंवा सहा भोके असली, तर समोरासमोरच्या दोन भोकांतील अंतर हाच तो व्यास. परंतु पाच भोके असली, म्हणजे कोणत्याही भोकाच्या नेमके समोर दुसरे भोक येत नाही. मग काय करावे? शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतील अंतर मोजावे आणि त्याला १.७ ने गुणावे. ‘मॉडेल ए’च्या चाकावर हे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरते. त्याला १.७ ने गुणले, की सुमारे १३९.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच इंच, हा व्यास मिळतो. वर्गात शिकलेली भूमिती अशी भंगाराच्या ढिगातही उपयोगी पडते.

भोके मुळीच नसली आणि तुंब्याच्या पोकळीत आतून चहूबाजूंनी बारीक उभ्या खाचा असल्या, तर ते चाक एकाच मोठ्या चाकीने बसवण्याच्या, म्हणजे रज-व्हिटवर्थ पद्धतीचे, समजावे. या पद्धतीच्या तुंब्यांची मापे ठरावीक होती; ४२, ५२, ६२ मिलिमीटर अशा आकड्यांनी ती ओळखली जात. पोकळीचे माप व्यवस्थित घेतले, म्हणजे चाक लहान मोटारीचे की मोठ्या, हे कळते.

तिसरी खूण म्हणजे रिम. अगदी जुन्या रिमच्या दोन्ही कडा आकडीसारख्या आत वळलेल्या असतात आणि टायरची फुगीर किनार त्या आकडीत अडकते. नंतरच्या रिमच्या मध्यभागी पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. टायर चढवताना त्याची एक बाजू त्या खोलगट भागात उतरवली, की दुसरी बाजू कडेवरून सहज आत जाते. पहिला प्रकार १९२० ते १९३० या दशकात मागे पडत गेला आणि दुसऱ्याने त्याची जागा घेतली. यावरून चाकाच्या वयाचा अंदाज येतो.

रिमचे माप घेताना एक चूक फार जण करतात. ते बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत पट्टी धरतात. खरे माप कडेचे नव्हे, तर टायरची किनार ज्या बैठकीवर टेकते, त्या बैठकीचे असते. कड त्याहून इंचभर किंवा थोडी अधिकच मोठी भरते. त्यामुळे एकोणीस इंची चाकाला कोणी वीस इंची समजतो आणि पुढचा सारा तर्क चुकतो. आकडीच्या कडेच्या टायरवरील आकड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. अशा टायरवर ‘८१५ गुणिले १०५’ असे लिहिलेले असे. यातील ८१५ मिलिमीटर हा टायरचा बाहेरचा व्यास आणि १०५ मिलिमीटर ही त्याची रुंदी. रिमचे माप काढण्यासाठी ८१५ मधून १०५ दोनदा वजा करावे लागतात. उत्तर ६०५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चोवीस इंच येते.

चौथी खूण तारांची संख्या व त्यांची मांडणी. एका तारेवर खडूने खूण करावी आणि तेथून मोजण्यास आरंभ करावा. नाही तर कोठून सुरुवात केली, हेच विसरायला होते. ‘एमजी’ कंपनीच्या १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या ‘टीसी’ या खेळकर मोटारीच्या एकोणीस इंची चाकात ४८ तारा असत. पुढील काळातील अधिक वेगवान मोटारींत ६० किंवा ७२ तारांची चाकेही आली. सर्वांत शेवटी तुंब्यावर व रिमवर ठोकलेली अक्षरे व आकडे शोधावेत आणि ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

आता या सर्व खुणा एकत्र कशा वापराव्यात, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका चाकाला निपले नाहीत, तारा वितळजोड केलेल्या आहेत, पाच भोके आहेत, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच आहे आणि रिमची बैठक एकोणीस इंचांची आहे. फोर्ड कंपनीने १९२८ व १९२९ साली एकवीस इंची, १९३० व १९३१ साली एकोणीस इंची, १९३२ साली अठरा इंची, १९३३ व १९३४ साली सतरा इंची आणि १९३५ साली सोळा इंची तारांची चाके वापरली. तेव्हा हे चाक १९३० किंवा १९३१ सालच्या ‘मॉडेल ए’चे असावे, असे अनुमान निघते. येथे ‘असावे’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. पाच भोके आणि साडेपाच इंचांचे वर्तुळ इतरही वाहनांत आढळते. एक खूण संशय उत्पन्न करते, दोन खुणा दिशा दाखवतात. सर्व खुणा जुळल्या, म्हणजेच निष्कर्ष काढावा. शिवाय, १९२८ सालच्या मोटारीच्या मालकाने पुढे केव्हातरी १९३० सालचे चाक घेऊन बसवले असेल, असेही शक्य आहे. चाक स्वतःविषयी साक्ष देते. ज्या मोटारीवर ते आढळले, तिच्याविषयी नव्हे. हा भेद जो विसरत नाही, त्यालाच परीक्षक म्हणावे.

इतकी काटेकोर चौकशी कशासाठी, असे कोणी विचारील. याचे पहिले उत्तर असे, की तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. दोन तुंब्यांची मापे जवळजवळ सारखी असली, तर चुकीचे चाकही तुंब्यावर चढते. ते बसल्यासारखे दिसते. पण खाचा एकमेकींत पूर्ण रुतत नाहीत आणि वेग घेताना किंवा ब्रेक दाबताना त्या झिजू लागतात. झिजलेल्या खाचांचे माथे सुरीच्या धारेसारखे टोकदार होतात. असे टोक बोटाला लागले, की ते चाक रस्त्यासाठी बाद समजावे.

मधल्या मोठ्या चाकीचीही अशीच गोष्ट आहे. या पद्धतीच्या इंग्रजी मोटारींत डाव्या बाजूच्या तुंब्याला उजवे आटे आणि उजव्या बाजूच्या तुंब्याला डावे आटे असतात. याचे कारण मोठे गमतीचे आहे. चाकी चाकाच्या निमुळत्या टोकावर कड्यासारखी बसते आणि ती त्या टोकाहून अगदी किंचित मोठी असते. मोटारीचा भार तिच्यावर पडून चाक फिरू लागले, म्हणजे ती प्रत्येक फेऱ्यात केसभर मागे सरकू पाहते. आट्यांची दिशा अशी ठेवलेली असते, की हे मागे सरकणे म्हणजेच चाकी अधिक आवळली जाणे होय. म्हणून चाकी सोडवायची असेल, तर ती चाक पुढे धावताना ज्या दिशेने फिरते, त्या दिशेने फिरवावी लागते. डावा-उजवा भाग उलटसुलट बसवला, तर तीच युक्ती उलटते आणि धावत्या मोटारीची चाकी आपोआप सैल होऊ लागते. जुन्या चाकीवर बाण आणि बाजूचे नाव कोरलेले असते, ते शोभेसाठी नव्हे.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची चाके स्वस्त पडू लागली. त्यांच्या तारा ताणण्याचा वा साफ करण्याचा प्रश्नच नव्हता. तारांची चाके त्यानंतर मुख्यतः खेळकर मोटारींवरच राहिली. आज जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना मूळ चाक मिळणे दुर्मिळ झाले आहे. भारत सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारींसाठी नोंदणीची वेगळी पद्धत घालून दिली. अशी मोटार तिच्या मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी त्यात अपेक्षा आहे. मूळ स्वरूप राखायचे, तर मूळ काय होते, हे आधी ठाऊक हवे. ओळख न पटल्यामुळे भट्टीत गेलेले चाक पुन्हा घडवता येत नाही. त्यासारखे दुसरे घडवता येते, पण ते ‘त्यासारखे’च राहते.

तारोडीच्या विद्यार्थ्यापाशी अशी जुनी मोटार नसेल. पण सायकल असेल. ती उलटी उभी करून त्याने प्रत्येक तारेवर चमच्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणीत बोलेल, सैल तार बद्द वाजेल. निपल कोठे आहे, तारा एकमेकींना कितीदा ओलांडतात, पुढच्या चाकात त्या किती आणि मागच्या चाकात किती, हे त्याने वहीत लिहून ठेवावे. केली, स्टार्ली आणि बेंझ यांनी ज्या तत्त्वाचा आधार घेतला, तेच तत्त्व त्याच्या बोटांखाली असेल. पाहणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि मगच बोलणे, ही सवय ज्याला लागली, त्याच्यापुढे गंजलेले चाकही फार काळ मुके राहत नाही.